क्ष-किरण टोमोग्राफीसाठी कॅमेऱ्याचा सेन्सर कसा पारखावा?

खोडवेडी
नमस्कार मंडळी. जुन्या लाकडी वस्तूंचं वय वार्षिक वलयांवरून काढणं हे माझं काम. एरवी त्यासाठी लाकूड कापावं लागतं किंवा बारीक भोक पाडून गाभा काढावा लागतो. पण कोरीव मूर्ती, वाद्य, पेटी अशा वस्तूला भोक कोण पाडू देणार? म्हणून टोमोग्राफीने, म्हणजे वस्तू फिरवत अनेक कोनांतून क्ष-किरण चित्रं (प्रक्षेपणं) घेऊन आणि संगणकावर त्यांची पुनर्रचना करून, आतले छेद बघायचे आणि वलयं तिथेच मोजायची, असा बेत आहे.

क्ष-किरण नळी आणि फिरती बैठक संस्थेत आहे. डिटेक्टर आम्हीच जुळवतोय. १०० मिलिमीटर चौरस सीझियम आयोडाइडचा सिंटिलेटर (क्ष-किरण पडले की चमकणारा पडदा), त्यामागे ४५ अंशात आरसा, एफ १.४ ची लेन्स आणि शेवटी कॅमेरा. हाताशी तीन कॅमेरे आहेत:

अ) मिररलेस, ३६ × २४ मिमी सेन्सर, रंगीत.
आ) औद्योगिक एकरंगी सीमॉस, सेन्सर जेमतेम १३ मिमी रुंद, २.४ मायक्रॉनचे २ कोटी पिक्सेल, रीड नॉईज (सेन्सर वाचताना मिसळणारा गोंगाट) २ इलेक्ट्रॉन.
इ) जुना, थंड करता येणारा सीसीडी. ३७ मिमी चौरस, ९ मायक्रॉनचे पिक्सेल, रीड नॉईज १० इलेक्ट्रॉन. एक पूर्ण फ्रेम वाचायला १२ सेकंद घेतो.

माहितीपत्रकं तिन्हींची आहेत, पण ती शेजारी ठेवून काहीच ठरत नाहीये. कोणत्या चाचण्या घेतल्या म्हणजे खरं काय ते कळेल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अणुरेणू
पहिली गोष्ट, मेगापिक्सेल विसरा. १९७१ साली सीटी स्कॅनचा जनक हाउन्सफील्ड याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद दाखवला तेव्हा चित्र ८० × ८० चौकटींचं होतं. त्यात गाठ दिसली, कारण त्याच्या डिटेक्टरचं प्रत्येक मोजमाप भरवशाचं होतं.

तारांगण
मी आकाशाचे फोटो काढतो, त्यामुळे अंधुक प्रकाशाशी रोजचा संबंध आहे. डोळे झाकून 'आ' घ्या. १० इलेक्ट्रॉन रीड नॉईज म्हणजे आजच्या काळात फारच झाला. आणि जो घ्याल त्याचं तापमान स्थिर ठेवा. सिलिकॉनचा डार्क करंट (अंधारातही साचत जाणारे इलेक्ट्रॉन) दर ६-७ अंशांना जवळपास दुप्पट होतो.

अमावास्या
वाचतेय. कॅमेऱ्यांवरचा धागा आणि अजून एकही फोटो नाही!

सावलीकार
@तारांगण, आकाशात सिंटिलेटर नसतो. इथे मधली साखळी लांब आहे आणि तिचा हिशोब आधी करावा लागतो. ताई, एक क्ष-किरण फोटॉन धरून चालूया.

लाकडासाठी नळी ५० केव्हीच्या (किलोव्होल्ट) आसपास चालवाल, म्हणजे सरासरी ऊर्जा ३० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) धरू. सीझियम आयोडाइड दर केईव्हीला ५४ च्या आसपास प्रकाशकण देतो. म्हणजे एका क्ष-किरण फोटॉनमागे साधारण १६००. त्यातले निम्मे लेन्सच्या दिशेने बाहेर पडले असं समजा, ८०० उरले.

आता लेन्स. सिंटिलेटर सगळ्या दिशांना प्रकाश फेकतो आणि लेन्सला त्यातला चिमूटभर मिळतो. किती? एक भागिले (१ + ४ × एफ-क्रमांकाचा वर्ग × (१ + लघुकरण) चा वर्ग). लघुकरण म्हणजे १०० मिमीचं दृश्य सेन्सरवर किती पट लहान होऊन बसतं ते.

'इ' मध्ये ते २.७ पट आहे. लेन्स ०.९२ टक्के प्रकाश पकडते. ८०० पैकी साडेसात कण. काचेतली गळती आणि सेन्सरची क्वांटम कार्यक्षमता (आलेल्या प्रकाशकणांपैकी कितींचे इलेक्ट्रॉन होतात ते) धरून उरतात सुमारे ३.८ इलेक्ट्रॉन.

'आ' मध्ये १०० मिमी दृश्य १३ मिमीत कोंबायचं, लघुकरण ७.७ पट. लेन्सला मिळतो ०.१७ टक्के. हातात पडतो ०.८ इलेक्ट्रॉन.

म्हणजे सिंटिलेटरने इमानदारीने थांबवलेल्या एका क्ष-किरण फोटॉनची सेन्सरवर पुरती एका इलेक्ट्रॉनचीही नोंद होत नाही. साखळीतली ही सर्वात अरुंद जागा. ती क्ष-किरणांच्या शोषणाऐवजी प्रकाशाच्या टप्प्यावर आली की पुढचा सेन्सर कितीही शांत असू दे, गेलेली माहिती परत येत नाही. ताईंच्या तिन्ही कॅमेऱ्यांत सर्वात मोठा फरक सेन्सरच्या आकारमानाचा आहे, आणि तो माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर कोणी ठळक छापत नाही.

तारांगण
हिशोब पटला. पण रीड नॉईज तरीही जात नाही. एका क्ष-किरण फोटॉनमागे ३.८ इलेक्ट्रॉन आणि गोंगाट १० चा! आवाज गोंगाटातच बुडाला की.

गणिती_मामा
एकच फोटॉन आला तर बुडेल. एका पिक्सेलवर एका फ्रेममध्ये किती येतात ते बघा.

समजा १००० क्ष-किरण फोटॉन नोंदले गेले. प्रत्येकी ३.८ इलेक्ट्रॉन धरले तर व्हेरियन्स (गोंगाटाच्या चढउताराचा वर्ग) होतो १००० × ३.८ × ४.८, म्हणजे १८ हजारांवर. रीड नॉईजचा वाटा १० चा वर्ग, १०० फक्त. अर्ध्या टक्क्याच्या आसपास! लाकूड काही शिसं नव्हे. ५ सेंटीमीटर जाडीच्या लाकडातून ३० केईव्हीचे एक तृतीयांशाहून जास्त किरण पार होतात. म्हणजे वस्तूच्या सावलीतही साडेतीनशेच्या वर फोटॉन आहेत आणि रीड नॉईजचा वाटा दीड टक्का.

उलट 'आ' मध्ये दर फोटॉनमागे ०.८ इलेक्ट्रॉन असताना माहितीचा ०.८ भागिले १.८, म्हणजे ४४ टक्केच भाग हाती लागतो. मोठ्या सेन्सरला तोच आकडा ७९ टक्के. रीड नॉईज शून्य केला तरी 'आ' ला ही भरपाई करता येणार नाही.

तारांगण म्हणतात ते कुठे खरं ठरेल, तर धातू किंवा दाट खडक. तिथे सावलीत १००० पैकी १० च फोटॉन पोचले तर व्हेरियन्स १८२ आणि रीड नॉईजचे १००. तेव्हा मात्र जुना सीसीडी मार खाईल.

तारांगण
मामा, हा शेवटचा परिच्छेद लिहिलात म्हणून सहमत. मी काळ्या आभाळाच्या सवयीने बोललो, लाकडाची सावली त्या मानाने उजळ असते. तापमानाचा मुद्दा मात्र सोडत नाही.

पायवाट
एक बाळबोध प्रश्न. एवढा प्रकाश वाया जातो तर सेन्सरच थेट क्ष-किरणांत का ठेवत नाही? आरसा हवाच कशाला?

अणुरेणू
@पायवाट, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. सेन्सरमधला प्रकाश टिपणारा सिलिकॉनचा थर काही मायक्रॉन जाडीचा असतो. ३० केईव्हीच्या हजार फोटॉनपैकी त्यात दोन-तीन अडकतील, बाकीचे आरपार. सिंटिलेटरचा ०.२ मिमीचा थर निम्म्याच्या आसपास थांबवतो.

आणि जे दोन-तीन अडकतात ते उच्छाद मांडतात. सिलिकॉनमध्ये दर ३.६५ इलेक्ट्रॉनव्होल्टला एक इलेक्ट्रॉन सुटतो, म्हणजे ३० केईव्हीचा एक तडाखा ८ हजार इलेक्ट्रॉनचा. चित्रात एकदम पांढरा ठिपका. शिवाय सेन्सर हळूहळू खराब होऊन डार्क करंट वाढतो. म्हणून आरसा लावून कॅमेरा किरणांच्या वाटेतून बाजूला घेतात. तरी विखुरलेले किरण येतातच, त्यामुळे कॅमेऱ्याभोवती शिशाचं आवरण हवं आणि ठिपके पुसायला एकाच कोनाच्या दोन-तीन फ्रेम घेऊन मध्यक काढावा.

थेट फोटॉन मोजणारे डिटेक्टर वेगळ्या जातीचे. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत जन्मलेल्या मेडिपिक्स चिपवर जाड संवेदक थर बसवलेला असतो आणि दर पिक्सेलला स्वतःचा मोजणारा असतो. पिक्सेल ५५ मायक्रॉनचा, एका चिपवर २५६ × २५६. १०० मिमी झाकायला अशा पुष्कळ चिपा शेजारी शेजारी लावाव्या लागतील.

रिकामी_फ्रेम
'अ' बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आम्ही दोन वर्षं मिररलेसवर काढली. सेन्सर मोठा आणि रीड नॉईज कमी, म्हणून फार आशेने लावला होता. दोन अडचणी आल्या.

एक, रंगाची जाळी. सीझियम आयोडाइडचा प्रकाश ५५० नॅनोमीटरजवळ, म्हणजे हिरवा. निम्मे पिक्सेल हिरवे, तेवढेच नीट बघतात. लाल-निळ्यांना उष्टं-खरकटं मिळतं. म्हणजे मोठ्या सेन्सरचा अर्धा फायदा तिथेच गेला.

दुसरी अडचण ओळखायला आम्हाला सहा महिने लागले. 'कच्ची' फाईल कच्ची नव्हती. कॅमेरा आतल्या आत एकटे-दुकटे तेजस्वी पिक्सेल शेजाऱ्यांच्या सरासरीने पुसत होता आणि काळ्याखालचे आकडे छाटत होता. आमच्या नमुन्यातले बारीक खनिजकण काही प्रक्षेपणांत होते आणि काहींत गायब. पुनर्रचनेत तिथे नुसत्या रेघा. आम्ही बैठकीचे बेअरिंग बदललं, संगणकाची आज्ञावली पुन्हा लिहिली, आणि दोष निघाला कॅमेऱ्याच्या पोटात.

म्हणून ताई, लेन्सला टोपी लावून ५० फ्रेम घ्या आणि आकड्यांचा हिस्टोग्राम काढा. घंटेसारखा दोन्ही बाजूंनी सारखा उतरला पाहिजे. डावी बाजू कापलेली दिसली तर छाटणी चालू आहे. मग शेजारच्या पिक्सेलांचा आपसात संबंध तपासा. खऱ्या कच्च्या फ्रेममध्ये दोन शेजाऱ्यांच्या गोंगाटाला एकमेकांची खबर नसते.

अमावास्या
म्हणजे धाग्यात अखेर फोटो आले, तेही टोपी लावलेले. छान!

रिकामी_फ्रेम
हो, आणि पन्नासच्या पन्नास जपून ठेवण्यासारखे :)

जुना_सर्किटवाला
उशिरा आलो. सावलीकारांचा हिशोब उत्तम, पण तो कागदावरचा आहे. 'निम्मे बाहेर पडले', 'काचेत एवढे गळले' या धरून चालण्याच्या गोष्टी. प्रत्यक्ष किती इलेक्ट्रॉन मिळतात ते ताईंना घरचं काही न मोडता मोजता येईल. मी याच पद्धतीने आजवर सगळे सेन्सर पारखले.

आधी फोटॉन ट्रान्सफर वक्र. हिरवा एलईडी, समोर दुधी काच, सगळीकडे सारखा उजेड. एक्स्पोजर थोडं थोडं वाढवत जायचं आणि प्रत्येक पायरीला दोन फ्रेम. दोन्हींची वजाबाकी करून तिचा व्हेरियन्स काढायचा आणि अर्धा करायचा. वजाबाकीत पिक्सेलांचे आपापले कायमचे स्वभाव निघून जातात, उरतो फक्त क्षणाक्षणाचा गोंगाट. तो सरासरी उजेडासमोर मांडला की सरळ रेघ येते. रेघेचा चढ म्हणजे गेन (एका इलेक्ट्रॉनमागे किती आकडा), अंधारात ती जिथून सुरू होते तो रीड नॉईज, आणि वर जिथे ती अचानक कोसळते ते फुल वेल (पिक्सेलमध्ये जास्तीत जास्त मावणारे इलेक्ट्रॉन). माहितीपत्रकातले तिन्ही आकडे तपासून झाले.

आता गंमत. एलईडी बंद करा, क्ष-किरण चालू करा आणि हाच वक्र सिंटिलेटरच्या प्रकाशात पुन्हा काढा. चढ वाढलेला दिसेल, कारण आता प्रकाश एकेकटा न येता टोळीने येतो. एका क्ष-किरण फोटॉनमागे सरासरी ग इलेक्ट्रॉन येत असतील, तर नवा चढ जुन्याच्या (१ + ग) पट असतो. दोन चढांचा भागाकार करा, एक वजा करा, तुमचा आकडा हातात.

एक पथ्य आहे. सिंटिलेटर प्रकाश शेजारच्या पिक्सेलांत पसरवतो, त्यामुळे गोंगाट गुळगुळीत होऊन व्हेरियन्स खोटा कमी दिसतो. म्हणून आधी ८ × ८ पिक्सेल एकत्र बेरजेत घ्या, मग व्हेरियन्स काढा. दोन्ही वेळा एकाच पद्धतीने.

सावलीकार
क्या बात है! भागाकाराची ही युक्ती मला माहीत नव्हती. वाचनखूण साठवली.

गणिती_मामा
सिंटिलेटर दर वेळी नेमके १६०० देत नाही आणि नळीतून सगळे ३० केईव्हीचेच येत नाहीत, त्यामुळे आकडा थोडा फुगेल. पण तीन कॅमेऱ्यांची आपसात तुलना करायला पुरेसा. मी स्वतः कागदावर मांडून पाहिलं, पक्कं आहे.

दगडवेडा
सगळेजण गोंगाटावर बोलताहेत. मला भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि ताईंच्या कामात ती जीवघेणी आहे.

क्षणाक्षणाचा गोंगाट टोमोग्राफी पचवते. हजारो प्रक्षेपणांत तो विखुरतो. पण एखादा पिक्सेल कायम अर्धा टक्का कमी सांगत असेल, तर तीच चूक प्रत्येक कोनात त्याच जागी येते आणि पुनर्रचनेत फिरण्याच्या अक्षाभोवती तिचं वलय उमटतं. मी खडकांतली छिद्रं बघतो, मला वलय दिसलं की कळतं हे खोटं. ताई वलयंच मोजणार आहेत! एक खोटं वलय म्हणजे झाडाच्या वयात एक खोटं वर्ष.

म्हणून सेन्सरचा पहिला गुण माझ्या मते स्थैर्य. चाचणी सोपी. नमुन्याशिवायच्या उजळ फ्रेम, म्हणजे फ्लॅट, स्कॅनच्या आधी १०० घ्या, मग रिकामा स्कॅन तेवढेच तास चालू द्या आणि शेवटी पुन्हा १००. दोन सरासऱ्यांचा भागाकार करा. सपाट राखाडी चित्र आलं तर सेन्सर विश्वासाचा. उभ्या पट्ट्या किंवा डाग आले तर मधल्या काळात तो बदलला.

फ्लॅट १०० का, तर सगळ्या प्रक्षेपणांना तुम्ही एकाच फ्लॅटने भागता. त्या फ्लॅटमध्ये जो गोंगाट असेल तो हजारो प्रक्षेपणांत जसाच्या तसा छापला जातो, म्हणजे पुन्हा वलयंच. आम्ही सुरुवातीला ५ फ्लॅटवर भागवायचो आणि दोष कॅमेऱ्याला द्यायचो.

आणखी एक. सीमॉस सेन्सरमध्ये बहुधा दर उभ्या स्तंभाला वेगळं वाचन-मंडल असतं. स्तंभ फिरण्याच्या अक्षाला समांतर ठेवलेत तर एका स्तंभाची चूक प्रत्येक छेदात त्याच त्रिज्येवर वलय काढते. कॅमेरा ९० अंशांत वळवून बसवा. मग तीच चूक एका छेदापुरती, आणि तिथेही वलय न काढता सगळीकडे सारखी पसरते. फुकटचा उपाय आहे.

पायवाट
अवांतर: व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत जळालेल्या, हर्क्युलेनियम या रोमन गावातल्या पपायरसच्या गुंडाळ्या न उलगडता वाचल्या, ते हेच तंत्र ना? तिथे कॅमेरा कसला असेल हा विचार इतके दिवस डोक्यातही आला नव्हता.

अणुरेणू
तंत्र हेच, पण स्रोत सिंक्रोट्रॉनचा (इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवून क्ष-किरण काढणारं यंत्र), प्रचंड तेजस्वी. अवघड एवढ्यासाठी की शाई कार्बनची आणि जळालेला पपायरसही कार्बनच. दोघांच्या शोषणात फरक जवळजवळ नाही. २०२३ मध्ये पहिले शब्द लागले ते शाईच्या पृष्ठभागाच्या पोतावरून, तेही संगणकाला शिकवून. त्या मानाने लाकूड दयाळू आहे. वसंतातलं विरळ आणि उन्हाळ्याअखेरचं दाट, घनतेत चांगलाच फरक असतो.

ओलसर_पाऊस
सगळं वाचून काळजीपोटी लिहिते. कॅमेरा बदलताना, आरसा हलवताना क्ष-किरण यंत्राचं बंद कपाट उघडावं लागतं. दाराचं स्वयंचलित कुलूप चाचणीसाठीही कधी निकामी करू नका. केबल आत न्यायला नवीन भोक पाडलंत तर मोजमाप झाल्याशिवाय नळी चालू करू नका. किरण केबलच्या वाटेनेही बाहेर येतात.

खोडवेडी
@ओलसर_पाऊस, खूप आभार. केबल वळणाच्या शिसेबंद नळीतून नेली आणि विकिरण-सुरक्षा अधिकाऱ्यांकडून बाहेर चारही बाजूंनी मोजून घेतलं.

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, म्हणून निकाल घेऊनच परत यायचं ठरवलं होतं. तीन आठवडे गेले.

'अ' पहिल्याच दिवशी बाद. टोपी लावलेल्या फ्रेमचा हिस्टोग्राम डावीकडून सुरीने कापल्यासारखा सरळ. रिकामी_फ्रेम, तुमचे सहा महिने आमच्या एका दुपारीत वाचले.

चढांचा भागाकार 'आ' ला १.७ आला आणि 'इ' ला ४.४. म्हणजे दर क्ष-किरण फोटॉनमागे ०.७ आणि ३.४ इलेक्ट्रॉन. सावलीकारांनी कागदावर काढलेल्या आकड्यांच्या इतके जवळ, की आम्ही मोजणी दोनदा केली.

तीक्ष्णतेसाठी टंगस्टनची धार किंचित तिरपी लावून बघितली. धार दोन्ही कॅमेऱ्यांत जवळपास सारखीच पसरते. पुसटपणा सिंटिलेटरच्या जाडीमुळे आणि नळीत किरण जिथून निघतात त्या ठिपक्याच्या आकारामुळे आहे. 'आ' चे २ कोटी पिक्सेल तोच पुसटपणा जास्त तुकड्यांत मोजत होते.

मग दगडवेडांची नऊ तासांची चाचणी. 'आ' मध्ये स्पष्ट पट्ट्या. 'इ' मध्ये उणे २० अंशांवर सपाट, फक्त एका कोपऱ्यात फिकट ढग. तो आरशावर बसलेल्या धुळीचा निघाला.

तेव्हा जुना सीसीडी लावलाय. २ × २ पिक्सेल एकत्र करून २०४८ रुंदी ठेवली. प्रक्षेपणं रुंदीच्या दीडपटीहून थोडी जास्त हवीत या ढोबळ नियमाने ३२००. दर प्रक्षेपणाला सगळं मिळून १० सेकंद, म्हणजे जवळपास नऊ तास. संध्याकाळी लावून घरी जातो.

तारांगण
म्हाताऱ्याने मैदान मारलं! मनापासून आनंद झाला. मात्र वस्तूत खिळे किंवा धातूचा पत्रा असेल तर मला आठवा, तेव्हा रीड नॉईजचा हिशोब पुन्हा मांडू.

दगडवेडा
नऊ तासांत नळीचं तेज हलतं. प्रत्येक फ्रेमच्या कडेला लाकूड नसलेली पट्टी ठेवा आणि तिच्या सरासरीने ती फ्रेम भागा. आणि वस्तू बैठकीवर मधोमध ठेवू नका. खोटी वलयं अक्षाभोवती फिरतात, झाडाची त्याच्या गाभ्याभोवती. दोन केंद्रं एकमेकांपासून लांब असली की ओळखू येतात.

खोडवेडी
पट्टी ठेवली होती, पण वस्तू मधोमध होती. काल रात्री २५ मिमी सरकवून पुन्हा लावली. तीच लाकडी पेटीची फळी, तोच छेद. आधी मी ६३ वलयं मोजली होती, आज सकाळी ६१ भरली. उरलेली दोन अक्षाबरोबर सरकून फळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती, तंतोतंत गोल. आज रात्री ३०० फ्लॅट घेऊन तिसऱ्यांदा लावतेय.